नकाशात नसलेली खिडकी

टेप सर्रकन डबीत परत शिरली आणि तिचं पत्र्याचं टोक नगरपालिकेतून आलेल्या टेपवाल्याच्या बोटाला लागलं. त्याने बोट तोंडात घातलं, तेव्हा मला त्याचे वरचे दोन दात दिसले. जरा पुढे आलेले, लहानपणी बरीच वर्षं अंगठा चोखलेल्या माणसाचे. मला माणसाचे दात आधी दिसतात आणि माणूस मागाहून. हा धंद्याचा दोष आहे. मी कवळ्या करते. "कमी पडतंय," तो बोट न काढताच म्हणाला, "दोन विती तरी कमी." हे शेजारी उभे होते, हातात स्वतः काढलेल्या परसाच्या नकाशाची सुरळी घेऊन. ह्यांनी विचारलं, "कुठून धरलंत?" टेपवाल्याने ओलं बोट मधल्या भिंतीपलीकडे रोखलं. "त्या खिडकीपासून." मग आम्ही दोघांनीही त्या खिडकीकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं असेल कोण जाणे. निळा पडदा, धुवून धुवून पांढरट झालेला, आणि काचा लख्ख. ह्यांनी सुरळी उलगडली, नकाशावरून बोट फिरवलं, आणि जिथे ती खिडकी असायला हवी होती तिथे ह्यांच्या सुरेख, सरळ पेन्सिलीने काढलेली नुसती भिंत होती.

ह्यांनी उभा जन्म बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढले. दुसऱ्यांच्या घरांतल्या खिडक्या कागदावर मांडायच्या, कुठून वारा येईल, कुठून ऊन, दार उघडलं तर कपाटाला लागेल का, हे सगळं घर उभं राहायच्या आधी ह्यांना दिसायचं. एक खिडकी इकडची तिकडे झाली तर गवंडी सात पिढ्यांचा उद्धार करतात, म्हणून हे प्रत्येक कागद तीनदा तपासायचे आणि चौथ्यांदा मला दाखवायचे, मला त्यातलं ओ की ठो कळत नसताना. अशा माणसाने स्वतःच्या परसातून दिसणारी, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या नाकासमोरची खिडकी वगळावी? टेपवाल्याला वाटलं ती लबाडी आहे. पण भला माणूस होता, हसून म्हणाला, "असू द्या काका, सगळेच असं करतात." ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लबाडी नव्हती ती. माझ्या लगेच ध्यानात आलं, आणि ह्यांच्याही आलं असणार. त्या खिडकीकडे बघायचं आम्ही सोडून दिलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी परसात तोंड धुताना मी पाण्याच्या टाकीकडे बघते, कपडे वाळत घालताना आभाळाकडे बघते. भिंतीपलीकडे जाऊबाई आठवड्यातून एकदा एका माणसाच्या खाटेची चादर दोरीवर टाकतात, तेव्हा मला घरात काहीतरी काम आठवतं. इतकी वर्षं न बघता न बघता ह्यांच्या हातालाही ती सवय लागली, आणि हाताने जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते काढलं नाही, एवढंच.

घर मुळात एकच. दोघा भावांनी मधे भिंत घातली, तीही गोडीगुलाबीने, आणि मागच्या परसात कमरेएवढी, म्हणजे वाटीची देवाणघेवाण चालू राहावी. पलीकडे मोठे दीर आणि जाऊबाई, अलीकडे आम्ही. दीर गेले. त्याआधी त्यांचा मुलगा गेला, म्हणजे घर सोडून गेला. डोळे घारे म्हणून आम्ही सगळे त्याला घाऱ्याच म्हणायचो. बापलेकांचं कशावरून बिनसलं ते आता सांगण्यात अर्थ नाही. दोघांचा खालचा जबडा सारखाच होता, पुढे काढलेला, आणि तसे दोन जबडे एका घरात मावत नाहीत. घाऱ्या दूरच्या शहरात गेला, तिथे नोकरी धरली, बापाच्या शेवटाला आला तेव्हा आमच्या बाजूला खुर्चीत बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. दर रविवारी आईला फोन करतो. तब्येत विचारतो, गोळ्या विचारतो, तिकडे थंडी आहे की ऊन ते सांगतो. आणि जाऊबाई त्याची खोली ठेवतात. ठेवतात म्हणजे कुलूप लावून नव्हे. रोज खिडकी उघडतात, झाडतात, उशीचा अभ्रा बदलतात. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे चादरीचे कोपरे असे काही दुमडतात की त्यावर झोपायची भीती वाटावी.

आता कोंबड्यांचे नियम. आमच्या गावाला कोंबड्यांचे नियम नव्हते. मग दोन गल्ल्या सोडून कुणाच्या तरी कोंबड्याने एका रिटायर्ड गणिताच्या मास्तरांना रोज पहाटे उठवलं, आणि मास्तरांनी नगरपालिकेला उठवलं. परिणाम असा की घरी कोंबडी पाळायची तर परवाना. जास्तीत जास्त सहा माद्या चालतील, कोंबडा चालणार नाही. खुराडं रस्त्याच्या बाजूला नको, पाण्याच्या टाकीला लागून नको, आणि शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून पंधरा फूट हवं. आमचं परस म्हणजे चिंचोळी पट्टी. एका टोकाला टाकी, दुसऱ्या टोकाला रस्ता, आणि जे काही मधे उरतं तिथे ह्यांनी खुराडं बांधलेलं. ह्यांनी अंतर मोजलं होतं, पण जाऊबाई झोपतात त्या पलीकडच्या खोलीपासून. टेपवाल्याने टेप कमरेला अडकवली आणि म्हणाला, "बघा काकू, मला कोंबड्यांशी वैर नाही. त्या खोलीत कोणी झोपत नसेल तर प्रश्नच मिटला. अडगळीच्या खोलीला हा नियम लागत नाही. शेजारच्या बाईंनी तसं तोंडी सांगितलं तरी चालेल. फक्त मी आत डोकावलो तर खाट दिसायला नको. खाट दिसली की ती झोपायची खोली. शुक्रवारी परत येतो." एवढं बोलून तो गेला. हे नकाशा गुंडाळत राहिले. चारही कोंबड्या आपापल्या पायांखाली काय आहे ते बघत हिंडत होत्या.

टेपवाल्याला काय माहीत त्या चार कोंबड्या म्हणजे काय आहे ते. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा ह्यांना शिकवायला एक पोरगा ठेवला होता, आणि हे शिकलेही होते बऱ्यापैकी, पण ऑफिसला तेवढा धीर निघाला नाही. हे घरी बसले. बसले म्हणजे खरोखर बसले. खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळी बसायचे ते मी संध्याकाळी परत येईतो तिथेच, चहाचा कप जिथे ठेवला तिथेच, त्यावर साय. रागावले नाहीत, रडले नाहीत, मला दोष दिला नाही. काही विचारलं तर "हं" म्हणायचे. दोन वर्षं मी एका "हं"बरोबर संसार केला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फिरायला जा झालं. रात्री उठून मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायचे. लॅबमध्ये लोकांच्या जबड्यांचे साचे ओतताना हात थांबायचे माझे. पांढऱ्या प्लास्टरचे ते जबडे ओळीने ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या खाली कुणा अनोळखी माणसाचा नंबर, आणि मला वाटायचं, ह्यांतल्या कुणीही माझ्याशी घरच्या माणसापेक्षा जास्त बोलेल.

मग आमच्या लॅबमधला पॉलिशवाला फ्लॅटमध्ये राहायला गेला. त्याच्याकडे कोंबड्या होत्या, त्या चौथ्या मजल्यावर नेता येईनात. "वहिनी, आठवडाभर ठेवा, गिऱ्हाईक बघतो," म्हणून खोक्यात घालून आणून दिल्या. मी नाही म्हणणार होते. मला घरातलं एक मुकं माणूस पुरे होतं. पण खोकं स्वयंपाकघरात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी असा काही गिल्ला केला की हे खुर्चीतून, नव्हे अंथरुणातून उठले. नुसते उठले नाहीत, बोलले. म्हणाले, "यांना कोंडून कोणी ठेवलंय?" दोन वर्षांतलं पहिलं सबंध वाक्य. मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्या आठवड्यात ह्यांनी जुन्या दारांच्या फळ्या काढून खुराडं बांधलं. बांधायच्या आधी त्याचा नकाशा काढला, चारही बाजूंनी. आतला दांडा किती उंचीवर हवा ते कोंबडी मांडीवर घेऊन मोजलं. पॉलिशवाला गिऱ्हाईक घेऊन आला तेव्हा ह्यांनी त्याला चहा दिला आणि कोंबड्या दिल्या नाहीत. आता त्यांना नावं आहेत. एक भुरी, एक कापशी, एक मुकादमीण, जी कुणालाच काही करू देत नाही, आणि एक नुसतीच "ती". ह्यांची सकाळ त्यांच्यामुळे होते. एवढ्याशा प्राण्याच्या मानाने ते फार मोठं काम आहे, पण त्या करतात बिचाऱ्या.

टेपवाला गेला त्या रात्री हे जेवले आणि म्हणाले, "मी खिडकी विसरलो." मी म्हटलं, "विसरतो माणूस." "मी नाही विसरत." बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्यातून आरडाओरडा ऐकू यायला लागला आणि बाजूला बघते तर हे जागे, छताकडे बघत पडलेले. मी वाट पाहिली. मुकादमीण दारावर चोच आपटत होती. शेवटी मी उठले, परसात जाऊन अडसर काढला, दाणे टाकले, पाणी बदललं. परत आले तेव्हा हे खुर्चीत होते. त्याच खुर्चीत. मला एवढंच कळत होतं की कोंबड्या गेल्या तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाणार, आणि ह्या वेळी मला काही त्याला तिथून काढता येणार नाही. आणि दुसरीकडे काय आहे? एक रिकामी खाट. तिच्यावर कोणी झोपत नाही, झोपणारही नाही, हे जगाला माहीत आहे, फक्त तोंडाने म्हणायचं आहे. मला जाऊबाईंचा राग आला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, असं मनात आलं, आणि मग आमच्याकडे कोंबडं पाळायला परवानगीच नाही हे आठवून हसूही आलं. रागात हसू आलं की राग टिकत नाही, मला वाईट वाटायला लागलं.

दिवसभर लॅबमध्ये मी एक कवळी मेणावर बसवत होते. म्हातारीची असावी, जबडा झिजलेला, साच्यात हिरडीची कडच सापडत नव्हती. दात बसवायचे म्हणजे आधी काय होतं ते ओळखावं लागतं. काही लोक जुना फोटो पाठवतात, हसतानाचा. काहीजण पाठवत नाहीत, मग मी ठरवते. गेली कित्येक वर्षं ह्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची हसू मी ठरवलेली आहेत आणि त्यांना पत्ताही नाही. पॉलिशवाला मशीन बंद करून म्हणाला, "काय वहिनी, आज मेणाशी भांडताय?" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय, सांगा की त्यांना सरळ. खाट दोन दिवस तुमच्याकडे आणा, टेपवाला गेला की परत नेऊन ठेवा. आमच्या बिल्डिंगमध्ये तर पाहुणे आले की कुत्रं कपाटात जातं." सोपं होतं ते. मी मान डोलावली. पण ती खाट नुसती उचलून आणायची आणि परत ठेवायची वस्तू नाही, हे मला त्याला समजावता येईना. त्या खाटेवर इतकी वर्षं कोणी नव्हतं म्हणूनच ती इतकी जड झाली होती. मग वाटलं, मी तरी कशाला समजून घेतेय? मला माझ्या माणसाचं बघायला हवं. जाऊबाईंना त्यांच्या मुलाचं बघू दे. असं ठरवलं आणि ठरवल्याबरोबर मला त्यांचे हात दिसायला लागले, उशीवरची सुरकुती तळव्याने काढणारे.

घरी आल्यावर वाटीत अंडी घेतली आणि भिंतीवरून न देता समोरच्या दाराने गेले. हे मी एरवी करत नाही, म्हणून जाऊबाईंनी दारातच विचारलं, "काय झालं? भावजी बरे आहेत ना?" मी म्हटलं बरे आहेत. त्यांनी बसवलं. इस्त्री चालू होती. मी इकडचं तिकडचं बोलले, पाण्याचं, गुडघ्यांचं, आणि मग एका दमात सांगून टाकलं. टेप, दोन विती, झोपायची खोली, अडगळीची खोली, खाट. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे दात अजून स्वतःचे आहेत सगळे. जाऊबाईंनी इस्त्री उभी केली. "म्हणजे मी म्हणायचं की तिथे कोणी झोपत नाही." "नुसतं म्हणायचं." "आणि खाट काढायची." "दोन दिवस." त्यांनी अभ्र्याची घडी घातली, मग परत उलगडली. "तुला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "वॉर्डात खाट रिकामी झाली की आम्ही चादर बदलायच्या आत दुसरा पेशंट दारात उभा असायचा. आधीच्याची उशी अजून गरम असायची. घरी गेला असेल नाहीतर वर गेला असेल, आम्हाला सारखंच. मी हजारो खाटा अशा केल्या गं, माणूस पुसून टाकायच्या. एक तरी खाट अशी असू दे, जिच्यावर दुसरं काही येणार नाही." त्या पुढे म्हणाल्या, "भावजींचं मला कळतं. पण मी माझ्या तोंडाने नाही म्हणणार ते. रागावू नकोस." मी रागावले नाही म्हटलं. रागावलेच होते. दोघींचंही बरोबर होतं, आणि असं असलं की भांडताही येत नाही. अंडी तिथेच राहिली. वाटी घ्यायचीही मी विसरले.

रस्त्याने परत यायला दहा पावलं. तेवढ्यात मला आठवलं की घाऱ्या लहान असताना ताप आला की आमच्याकडे येऊन झोपायचा, कारण त्याच्या आईची रात्रपाळी असायची आणि बापाला कपाळावरची पट्टी पिळायची अक्कल नव्हती. मी त्याच्या दुधाचे दात बघून सांगितलं होतं, हा जिद्दी होणार. दात बघून काही कळत नसतं, उगाच सांगितलं होतं. पण ते त्याला आवडलं, सगळीकडे सांगत सुटला. मला मूल नाही. ही गोष्ट मी एरवी अशी मधेच सांगत नाही. त्या दहा पावलांत ती सगळी अंगावर आली, आणि मला कळलं की जाऊबाईंनी हो म्हटलं असतं तर मलाही आवडलं नसतं. त्या खोलीत कोणी झोपत नाही, हे मलाही ऐकायचं नव्हतं. घरात आले तर हे खुर्चीत. मी सांगितलं, "नाही म्हणाल्या." ह्यांनी विचारलं, "तू विचारलंस?" "मग कोण विचारणार?" हे माझ्याकडे बघत राहिले. हल्ली खूप दिवसांत असं सरळ बघितलं नव्हतं. "वहिनींना असं विचारायला नको होतं," म्हणाले, आणि उठून कोंबड्यांना आत घ्यायला गेले.

मधले दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. मी ह्यांच्यावर डोळा ठेवून होते. ओल्या प्लास्टरला जपावं तसं जपत होते त्यांना. धक्का लागू नये, वारा लागू नये, कुणी बोट लावू नये. ह्यांच्यासमोर कोंबड्यांचा विषय काढत नव्हते. सकाळी हे उशिरा उठायचे पण उठायचे. मला वाटायचं ही शेवटची उभारी आहे. लॅबमध्ये माझ्या हातून एक कवळी वाकडी झाली आणि डॉक्टरांकडून परत आली. असं कधी होत नाही. मी ती हातात धरून बसले होते, गुलाबी हिरडी, त्यावर माझेच लावलेले दात, आणि मला त्या अनोळखी म्हाताऱ्याची माफी मागावीशी वाटली. नियमांचाही राग आला. ज्या कुणी पंधरा फूट लिहिलं त्याने कुठल्या घरातलं अंतर मोजून लिहिलं होतं? आमच्या दोन घरांमधलं अंतर त्याच्या टेपमध्ये नव्हतं. मग वाटलं, तो बिचारा मास्तरांची झोप वाचवत होता. प्रत्येकजण कुणाला तरी वाचवत असतो आणि त्यात दुसऱ्या कुणाचं तरी खुराडं येतं मधे.

शुक्रवारी मी रजा घेतली. टेपवाला आला, बोटाला पट्टी होती. जाऊबाई त्यांच्या परसात, हातात चिमट्यांची टोपली. त्या दिवशी दोरीवर काही नव्हतं, तरी टोपली होती. टेपवाल्याने भिंतीवरून नमस्कार केला आणि विचारलं, "बाई, ही खोली कशाला वापरता?" जाऊबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की आत काही शब्दच नाही. हो नाही, नाही नाही. मी काहीतरी बोलणार होते, काय ते मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात हे पुढे झाले. "माझा पुतण्या झोपतो तिथे," हे म्हणाले. स्वच्छ आवाजात, नकाशा समजावून सांगावा तसे. "त्याची खोली आहे. माझ्याकडून खिडकी दाखवायची राहिली, चूक माझी आहे. तुम्ही दाखवा." टेपवाला म्हणाला, "काका, मग परवाना नाही देता येणार." "नाही ना येणार," हे म्हणाले. "किती दिवसांत हलवायच्या?" महिनाअखेरपर्यंत, टेपवाला म्हणाला. ह्यांनी मान हलवली, आणि मग त्याला विचारलं की बोटाची जखम चिघळली तर नाही ना. तो गेला. जाऊबाई आत गेल्या, टोपली भिंतीवरच राहिली. मी ह्यांच्याकडे बघायला घाबरत होते. हे खुराड्याशी वाकून दाराची बिजागरी बघत होते. "ही करकरते," म्हणाले, "देण्याआधी तेल घालायला हवं. ज्याच्याकडे जातील त्याला त्रास नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती ह्यांच्या आवाजाने. हे परसात होते, मुकादमिणीला काहीतरी समजावत होते. चहा स्वतःच करून घेतला होता, माझाही झाकून ठेवला होता. मी दारात उभी राहिले. दोन वर्षं मी ज्या माणसाला जपलं तो माणूस मला माहीत होता असं मला वाटत होतं. आणि हा दुसराच कुणीतरी, स्वतःच्या हाताने स्वतःचा आधार सोडून देऊन, सकाळी उठून बिजागरीला तेल घालत होता. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात थोडा अपमानही होता, खोटं कशाला सांगू. त्याला उभं मी केलं नव्हतं. कदाचित कोंबड्यांनीही नव्हतं केलेलं. मी चहा घेऊन पायरीवर बसले. पॉलिशवाल्याचा कोण मावसभाऊ आहे, त्याचं मोठं आवार आहे, त्याला विचारू या, असं हे म्हणत होते. तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली. "भावजी." जाऊबाई खिडकीत होत्या. त्या खिडकीत, आतल्या बाजूला, निळा पडदा खांद्यावर घेऊन. आम्ही दोघांनीही सरळ तिकडे बघितलं. "जरा इकडे या दोघंजण," त्या म्हणाल्या. "खाट एकटीने हलत नाही."

खाट दारातून निघेना. आत आली कशी होती देव जाणे. ह्यांनी दोन्ही बाजूंनी अंदाज घेतला, उभी करा म्हणाले, मग आडवी करा म्हणाले, मग पाय काढावे लागतील म्हणाले. पाय काढताना जाऊबाई स्क्रू ओंजळीत धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, "जाऊबाई, नका हो. हे देणार आहेत कोंबड्या, जागा बघितली आहे." त्या म्हणाल्या, "मला काय तुझ्या कोंबड्यांचं पडलंय? काल ते म्हणाले माझा पुतण्या झोपतो, आणि मला ऐकताना लाज वाटली. चांगल्या माणसाला माझ्यापायी खोटं बोलायला लागलं. ते खोटं मी रोज करते, पण मला ते कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं." एवढं बोलून त्या म्हणाल्या, "डावीकडे घ्या भावजी, भिंत खरवडेल." गादी गुंडाळली, खाट त्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. घाऱ्याची खोली एकदम मोठी दिसायला लागली. फरशीवर चार पायांचे चार डाग होते. हे मधोमध उभे राहून खोलीची लांबीरुंदी डोळ्यांनी घेत होते, सवयीने, आणि मी त्यांना म्हटलं, आता पुरे.

तो शनिवार होता. रविवारी जाऊबाईंनी आम्हाला बोलावलं, टेपवाल्याला सोमवारी काय सांगायचं ते ठरवायला, पण आम्ही पोचलो तोवर घाऱ्याचा फोन आलेला. हल्ली ऐकू कमी येतं म्हणून त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, सगळ्या घराला ऐकू जातो. गोळ्या झाल्या, गुडघे झाले, तिकडे थंडी पडली होती. जाऊबाईंनी आम्हाला बसायची खूण केली आणि हवापाण्याच्या सुरातच म्हणाल्या, "अरे, तुझी खाट काढली काल. काकांच्या कोंबड्यांची भानगड झाली पालिकेत. आता ती खोली अडगळीची." आणि सगळी हकिगत सांगितली, पंधरा फूट, टेप, पाय काढून खाट बाहेर. मी कान देऊन होते, पलीकडून एक हुंकार नाही. जाऊबाईंना वाटलं फोन कटला. "ऐकतोयस ना?"

"मग मी कुठे झोपू?" घाऱ्या म्हणाला.

चाळिशीला टेकलेला माणूस. आवाज जाड झालाय त्याचा. पण विचारलं ते ताप आलेल्या पोरानेच. हे खिडकीकडे बघायला लागले. जाऊबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. मला वाटलं त्या म्हणतील खाट परत लावते, आत्ताच्या आत्ता लावते, काका लावतील. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. "ते आल्यावर बघू," त्या म्हणाल्या. "कधी येतोस ते सांग." इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी त्याला कधी विचारला नव्हता, खोली तयार होती तोवर विचारायचं कारणच पडलं नव्हतं. तो म्हणाला, "थांब, कॅलेंडर बघतो, ठेवू नकोस." आणि त्याने फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग त्याच्या घरात चालल्याचा, मग कुठलंसं दार उघडल्याचा. आम्ही तिघं त्या फोनभोवती वाकून उभे राहिलो.